चुली किती

"तोंड झाक भिकाजी, डोळ्याला लागंल," आप्पा म्हणाले आणि त्यांनी काठी हाणली.

मी नेमकी तेव्हाच नाक्यावर रिक्षातून उतरत होते. हातात माहेरच्या फराळाची पिशवी. लक्ष्मीपूजनाचा दिवस, ऊन उतरायला लागलेलं. रस्त्यात दुधाचे दोन कॅन आडवे पडले होते आणि दूध डांबरावरून गटारीकडं चाललं होतं. भिकाजी गवळी दोन्ही हातांनी तोंड झाकून उकिडवा बसला होता. पाठीवर काठी बसली की तो नुसता "हं" करायचा, कुणी काही विचारत असल्यासारखा. काठी मारणारे आप्पा म्हणजे माझे थोरले दीर, आप्पासो. धामणेवाडीच्या हद्दवाढविरोधी कृती समितीचे अध्यक्ष.

"घरी जा शालन," मला बघून ते म्हणाले. "हे बायकांनी बघायचं काम न्हाई."

"मग पुरुषांनी करायचं तरी हाय का?" मी म्हणाले.

भिकाजीच्या पाठीवर आणखी एक काठी बसली, ती माझ्या वाटणीची असावी. मी वाकून त्याचा टॉवेल उचलून त्याला दिला आणि घरी आले. माझी जीभ पहिल्यापासून अशीच. आई म्हणायची, हिला सासरी पाठवताना तोंडाला मुसकं बांधून पाठवा.

कोल्हापूर आणि धामणेवाडी यांच्यामध्ये एक ओढा, त्यावर एक पूल आणि पुलाच्या अलीकडं हा जुना जकात नाका. मी ओढ्यापलीकडची. गंगावेशीत माझ्या बाबांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. लग्न झालं म्हणजे पूल ओलांडला, एवढंच. पण त्या वर्षी त्या पुलाला फार महत्त्व आलं होतं. शहराची हद्द वाढवून भोवतालची गावं आत घ्यायचं चाललं होतं, आणि गावांनी आत जायचं नाही असं ठरवलं होतं. गावाच्या हातात हत्यार एकच, दूध. समितीनं ठराव केला की शहराला दूध घालायचं नाही आणि पाडव्याला एकही म्हैस शहरात न्यायची नाही.

यातली दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं पाडव्याला म्हशी मिरवतात. अंग भादरून, तेल चोपडून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि गोंडे बांधून त्यांना शहरात नेतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या मागं. दोरी नाही, काठी नाही. ती फक्त आपल्या घरच्या गाडीचा आवाज ओळखते आणि मधे काय येईल ते तुडवत त्या आवाजामागं जाते. ते शिकवायला वर्ष वर्ष जातं. ज्या घराची म्हैस नाकासमोर पळते, त्या घराचं नाव वर्षभर निघतं.

आमच्या म्हशीचं नाव मामी. माझे मालक रावसो यांच्या मामानं ती रेडकू असताना दिली होती. लागोपाठ दोन पाडवे मामीनं निशाण, म्हणजे पहिल्या नंबराचा झेंडा, आणलं होतं. रावसो माणूस मुका. दिवसभरात माझ्याशी बोलायचे नाहीत तेवढं मामीशी बोलायचे. पावसाळ्यात ते तापानं पडले होते तेव्हा त्यांची राजदूत मोटरसायकल मीच माळावर फिरवली आणि मामीला पळवलं. मिस्त्रीची पोरगी मी, मला गाडीचं काय कौतुक.

त्या संध्याकाळी पूजा झाली आणि दोघे भाऊ जेवायला बसले. आई-वडील लवकर गेले, त्यामुळं रावसोंना आप्पांनीच वाढवलेलं. घरात चूल एक, आणि त्या एका चुलीचा आप्पांना फार अभिमान. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, भाकरी थापत होत्या. मी वाढत होते.

"उद्या मामी जाणार," रावसो ताटाकडं बघत म्हणाले.

आप्पांचा घास हातातच राहिला. "कुठं?"

"शहरात. दरवर्षी जाती तिथं."

"भिकाजीचं काय झालं ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय. आप्पा, भिकाजीचं बी चुकलं न्हाई. आपलं दूध शहरात जातं. आपली पोरं शहरातल्या शाळंत जात्यात. माझी बायको शहरातली. मग शीव हाय कुठं? नुसती नाक्यावर?"

एवढं लांब वाक्य रावसोंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आप्पा शांतपणे बोलायला लागले, आणि ते शांत झाले की मला जास्त भीती वाटायची. राज्यातल्या मोठ्या शहरांच्या लोकसंख्या त्यांना आरतीसारख्या पाठ होत्या. पेपरातला तक्ता कापून त्यांनी चावडीवर चिकटवला होता. "पुणं फुगलं, ठाणं फुगलं, नाशिक फुगलं. कोल्हापूर हाय तेवढंच. त्यास्नी आता डोकी कमी पडत्यात रावसो. डोकी वाढली की दर्जा वाढतोय, निधी वाढतोय. म्हणून तुझं डोकं पायजे, माझं पायजे, गोठ्यातल्या मामीला मोजता येत न्हाई म्हणून, न्हाईतर तिचंबी पायजे. एकदा आत गेलो की हितं घरफाळा, गोठा हलवा म्हणून नोटीस, माळावर प्लॉट. शेणाचा वास येतोय म्हणून शेजारी तक्रार करंल. मग कुठली म्हैस आणि कुठला पाडवा?"

"म्हणून भिकाजीला मारायचं?"

"त्याला मी मारलं. गाव बघत व्हतं. उद्या तू गेलास आणि मी हात बांधून उभा ऱ्हायलो, तर मी गावाला काय सांगू? भाऊ हाय म्हणून सोडला?" त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "जाऊ नगंस. पाय मोडीन तुझा. नुसतं बोलायचं म्हणून बोलत न्हाई."

"मोड," रावसो म्हणाले.

आप्पांनी बसल्या जागेवरून त्यांच्या थोबाडीत मारली. ताटातली आमटी माझ्या लुगड्यावर उडाली. रावसो उठले, हात धुतले आणि गोठ्यात गेले. आक्कानं भाकरी तव्यावर तशीच जळू दिली.

रावसोंचं ठरलं होतं. उजाडायच्या आधी ते मामीला घेऊन शेतातून ओढ्याच्या वाटेनं जाणार. गाडीचा आवाज झाला तर गाव जागं होईल, म्हणून गाडी मी मागनं आणायची. पाडव्याला बापाला ओवाळायला निघालेल्या बाईला नाक्यावर कोण अडवणार? पूल ओलांडला की गाडी त्यांच्या हातात द्यायची. मीच हो म्हणाले. मला वाटलं, एकदा म्हैस शहरात पोचली की आप्पाही चार दिवसांनी निवळतील.

मामीला रावसोंनी स्वतः सजवलं. शिंगांना लाल रंग, गळ्यात घुंगरांचा पट्टा. तो पट्टा वाजू नये म्हणून त्यात चिंध्या कोंबल्या होत्या. मी तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. जाताना रावसो म्हणाले, "गाडीचा प्लग पुसून घे." बाकी काही नाही.

सूर्य वर आल्यावर मी नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं तबक पिशवीत घालून गाडी बाहेर काढत होते, तर आक्का पळत आल्या. डोक्यावरचा पदर सुटलेला.

"धरलं गं त्यास्नी. ओढ्यावर पोरं बसवली व्हती. नाक्यावर आणलंय, लई मारत्यात."

"आप्पा कुठं हायत?"

"तिथंच." त्यांनी माझा दंड धरला. "माझं ऐकायच्या पलीकडं गेलेत ते. तू जा शालन. काय करायचं ते कर, पण तुझा माणूस सोडवून आण."

नाक्याकडं उतार आहे. मी गाडी चालू न करता तशीच सोडली, कारण आवाज झाला की मामी बिथरणार हे मला ठाऊक होतं. आधी हात जोडून बघावं असं मनात होतं.

नाक्यावर सगळं गाव लोटलं होतं. मामीला अलीकडच्या विजेच्या खांबाला बांधलं होतं, दोन पोरं तिच्या दोरीला धरून. गर्दीच्या मधे टपरीच्या भिंतीशी रावसो पडले होते. शर्ट फाटलेला, एक डोळा मिटलेला, कानातून रक्त येत होतं. पोरं लाथा घालत होती. काल मार खाल्लेला भिकाजीही तिथंच, पाठ वाकवून उभा.

मी गाडी लावली आणि गर्दीत घुसले. "आप्पा, बास करा. मामीला माघारी नेते. कुठं जात न्हाई आम्ही."

आप्पांच्या हातात तीच काठी होती. ती त्यांनी उचललेली नव्हती. चेहरा राखेसारखा. क्षणभर मला वाटलं, आता ते काठी टाकतील.

तेवढ्यात भिकाजी बोलला. ओरडला नाही, साध्या आवाजात बोलला. "आप्पा, काल माझ्यावर हात उचलताना थांबला न्हाईसा."

आप्पांनी भिकाजीकडं बघितलं, मग गावाकडं. मग ते पुढं झाले. एका पोरानं रावसोंचा पाय ओढून दगडावर ठेवला आणि आप्पांनी दोन्ही हातांनी काठी खाली आणली. नडगी मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओला वासा मोडावा तसा. रावसो ओरडले आणि मग एकदम गप्प झाले.

मला कुणीतरी मागं ढकललं. मी पडले, उठले. पोरं पुन्हा रावसोंवर तुटून पडली. एक पाय मोडल्यावर गर्दीचं समाधान होतं असं ज्याला वाटतं, त्यानं गर्दी बघितलेली नाही. आता ती आप्पांचंही ऐकणार नव्हती. "बास, बास," असं आप्पा म्हणत होते, ते मला दिसत होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

मी मागं फिरले. लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि गाडीला किक मारली.

सायलेन्सर नसलेली राजदूत कशी वाजते ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. नाका हादरला. मामीनं मान वर केली, कान ताठ झाले. मी गर्दीच्या कडेनं, गटारीच्या काठावरून गाडी काढली आणि थेट पुलाच्या तोंडाशी नेऊन उभी केली. आता मी पुलावर, मामी खांबाला, आणि मधे सगळं गाव. मी गाडीची मूठ होती तेवढी पिळली.

मामीनं एकदा हिसडा दिला. दोरी धरलेलं एक पोरगं चार हात लांब जाऊन पडलं. दोरी तुटली. मग ती आली. लाल शिंगं खाली, घुंगरातल्या चिंध्या उडाल्या आणि घुंगरं वाजायला लागली. पहिल्या धडकेत दोघं उडाले. एकाचा हात तिच्या खुराखाली आला, तो किंचाळला. लोक टपरीवर चढले, गटारीत पडले, एकमेकांना तुडवून पळाले. कुणाचा तरी दात माझ्या पायाशी येऊन पडला. मला तेव्हा भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

रस्ता मोकळा झाला. मधे फक्त आप्पा राहिले होते, माझ्याकडं पाठ करून, मामीसमोर. काठी त्यांनी टाकून दिली होती. दोन्ही हात पसरून उभे होते. गाडीच्या धुरात मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"सरका," मी ओरडले. गाडीच्या आवाजात मलाच ते ऐकू आलं नाही.

ते सरकले नाहीत. मला वाटलं, हा मस्तीचा कळस झाला. गावातल्या माणसांनी ऐकलं, आता म्हशीनंही ऐकावं असं यांना वाटतंय. मी मूठ सोडली नाही.

मामीनं त्यांना कमरेत घेतलं. ते वर उचलले गेले, वाकडे झाले आणि पडले. मामी एका बाजूला झोकांडली, सावरली आणि गाडीपाशी येऊन थांबली. माझ्या खांद्याला नाक लावून फुसफुसायला लागली. तिच्या शिंगावर रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं.

मी गाडी बंद केली आणि धावले. रावसो भिंतीशी नव्हते. रस्त्यावर होते, आप्पांच्या शेजारी, बेशुद्ध. आप्पांचा हात त्यांच्या छातीवर आडवा पडला होता. मला वाटलं, अजूनही सोडत नाही हा माणूस. मी तो हात फडक्यासारखा उचलून बाजूला फेकला आणि माझ्या माणसाला ओढून घेतलं.

कुणीतरी कोयता घेऊन मामीकडं निघालं होतं. आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "जनावराला हात लावू नका. मुकं हाय ते." त्यानंतर त्यांचीही शुद्ध गेली.

दोघा भावांना एकाच टेम्पोतून दवाखान्यात नेलं, तेही शहरातल्याच. रावसोंचा पाय वाकडा जुळला. आप्पांचा खुबा कायमचा गेला. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे गवंडी बोलावला. अंगणातून भिंत घातली आणि माझी चूल वेगळी मांडली. एका घरात दोन लंगडे म्हणून गावाला चघळायला विषय झाला. हद्दवाढ त्या वर्षी झाली नाही, पुढच्याही नाही. हद्द होती तिथंच राहिली, भिंत तेवढी नवीन झाली.

मामीचं दूध मात्र भिंतीपलीकडं जायचं. आक्का भिंतीतल्या दारातून चरवी घेऊन यायच्या, मी त्यांच्याकडं न बघता ओतायचे. रावसोंना काही आठवत नव्हतं. पाय मोडला तिथपर्यंतच त्यांना सांगता यायचं. आप्पांचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे. अशीच वर्षं गेली. मामीही गेली.

मग जनगणना आली. आमच्या गावात कुठल्याशा शाळेच्या तरुण बाई आल्या होत्या आणि त्यांना घरं दाखवायला ग्रामपंचायतीचा शिपाई. तो शिपाई म्हणजे भिकाजी. म्हशी विकून तो नोकरीला लागला होता. हातात गेरूचा डबा, दारावर नंबर घालायला.

बाई उंबऱ्यावर बसल्या. आक्का भिंतीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पलीकडं बाजेवर आप्पा पडलेले दिसत होते.

"एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब," बाई म्हणाल्या. "तुमच्या इथं चुली किती?"

"दोन," मी म्हणाले.

भिकाजी ब्रश डब्यात बुडवून उभाच राहिला. "एकच घर हाय की शालन."

"पाय मोडणाऱ्याचं आणि मोडलेल्याचं घर एक नसतं. दोन नंबर घाल."

"भिकाजी, घाल नंबर आणि चल म्होरं," आप्पा बाजेवरून म्हणाले.

भिकाजीनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "न्हाई आप्पा. लई वर्षं झाली. त्या दिवशी तुमच्या हातातली काठी माझ्या बोलण्यानं खाली आली, ते माझं मला ठाऊक हाय." मग तो माझ्याकडं वळला. "तू पाठमोरं बघितलंस शालन. मी टपरीवर चढलो व्हतो, मी वरनं बघितलंय. तू गाडी चालू केलीस आणि तुझा आवाज ऐकून रावसो सरपटत रस्त्यावर आला. तुझ्याकडं यायला बघत व्हता. मधीच त्याची शुद्ध हरपली. मामी सरळ त्याच्यावर येत व्हती. आप्पा सरकले असते तर स्वतः वाचले असते. हे मधी उभे ऱ्हायले आणि पडले ते बी रावसोच्या छातीवर आडवा हात टाकून."

माझ्या हाताला तो हात आठवला. जड, आडवा पडलेला. मी फेकून दिलेला.

मी भिंतीच्या दारातून पलीकडं गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आप्पा छताकडं बघत होते.

"का न्हाई सांगितलं?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "पाय तर मीच मोडला व्हता."

राग गेला होता असं नाही, तो आजही नाही गेला. रावसो पहाटे उठून पहिलं पाऊल टाकतात तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज येतो, तो मी रोज ऐकते. पण मला रडू आलं, आणि ते कुणासाठी आलं ते मला सांगता येणार नाही.

"रावसोला सांगू नगंस," आप्पा म्हणाले.

मी आक्काच्या स्वयंपाकघरात गेले. चुलीवर भात रटरटत होता. मी खालचं जळतं लाकूड ओढून काढलं.

"अगं, भात कच्चा हाय," आक्का मागनं म्हणाल्या.

"पातेलं घेऊन या," मी म्हणाले आणि ते लाकूड तसंच हातात धरून अंगण ओलांडलं, माझ्या चुलीत सारलं. धुरानं डोळे भरले ते बरंच झालं. बाई दारातून विचारत होत्या, मग किती लिहू? भिकाजीनं त्यांना एक बोट दाखवलं आणि दारावर नंबर घालायला लागला.

दुपारी रावसो शेतावरून आले, तेव्हा आप्पांना आम्ही धरून आणून भिंतीला टेकवून बसवलं होतं. दोन ताटं मांडलेली. रावसो दारातच थांबले.

"ह्यांचं ताट आज हिकडं कसं?"

"जनगणना हाय," मी म्हणाले. "बसा."

त्यांनी चपला काढल्या. मग आपल्या जागेवर बसले, वाकडा पाय समोर लांब करून. आप्पांना खुब्यामुळं मांडी घालता येत नव्हती, तेही पाय पसरायला जागा शोधत होते. रावसोंनी आपला पाय दोन्ही हातांनी उचलून जवळ ओढून घेतला आणि भावाला जागा केली.